झाडांची हजेरी

७ नोव्हेंबर

आज शेवटी तोंड उघडून बोललेच. या डोंगरातल्या वनकेंद्रात स्वयंसेवक म्हणून आल्यापासून गार पाण्याने आंघोळ करतेय आणि रोज मनातल्या मनात अख्ख्या परदेशाला शिव्या घालतेय. बाकीची स्वयंसेवक मंडळी विशी-पंचविशीतली. ती आंघोळच करत नाहीत, त्यामुळे त्यांचा प्रश्न मिटला. माझं काय? अठ्ठावन्न वर्षांची निवृत्त शिक्षिका मी. नाश्त्याच्या वेळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हटलं, "बादलीभर गरम पाणी मिळालं तर बरं होईल हो. माझे सांधे धरतात."

स्वयंपाकीण हातातलं काम न थांबवता म्हणाली, "मिळेल की. त्यात काय एवढं!"

इथली भाषा शिकून आले, पण नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत. म्हणून मी सगळ्यांना आपापली नावं ठेवून टाकली आहेत. ही स्वयंपाकीण म्हणजे चूलवाली. केंद्रात गॅस आहे, पण मागच्या अंगणात तिने दगडांची चूल मांडून ठेवली आहे. गॅसचा काय भरवसा, म्हणते. तिचा नवरा दूर शहरात कामाला असतो. ती आणि तिची मुलगी दोघीच गावात राहतात. मुलगी माझ्या वर्गात आहे. वर्गातली सगळी पोरं माझ्यासाठी पाखरं, त्यातली ही चिमणी.

संध्याकाळी साहेबांनी, म्हणजे केंद्रप्रमुखांनी, विचारलं, वसंतापर्यंत राहाल का? मी विचारही न करता हो म्हटलं. मग धाकट्या बहिणीला, धाकटीला, फोन केला. तीनच महिन्यांसाठी जाते असं तिला सांगून निघाले होते. धाकटी म्हणाली, "बरं." आई कशी आहे विचारलं, तर म्हणाली, "आहे तशीच आहे." आई पडल्यापासून तिचं सगळं अंथरुणातच आहे. पण धाकटी आहे ना तिच्याजवळ. तीस वर्षं मी शाळा केली, बाबांचं दुखणं काढलं, आता थोडं माझ्यासाठी जगले तर काय बिघडलं? असं लिहिलं खरं, पण लिहून झाल्यावर जरा वेळ वही उघडीच ठेवून बसले होते.

१३ नोव्हेंबर

आज माझ्या डोक्यातून एक झकास कल्पना निघाली. जित्याची खोड, दुसरं काय! मास्तरीण ती मास्तरीणच.

केंद्रामागचा डोंगर पूर्वी अगदी बोडका होता म्हणे. पाच-सहा वर्षांपूर्वी गावाने आणि केंद्राने मिळून त्यावर झाडं लावली. आता ती मनगटाएवढी झाली आहेत. मुलांना मी जंगलाची ओळख शिकवते, पण फळ्यावरचं जंगल पोरांच्या एका कानातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर. म्हणून आज प्रत्येकाला डोंगरावरचं एकेक झाड दिलं. घरून कापडाची चिंधी आणून झाडाला सैलसर बांधायची. दर शुक्रवारी आपण वर जायचं आणि मी झाडांची हजेरी घेणार. पोराचं नाव घेतलं की पोराने आपल्या झाडाला हात लावून ओरडायचं, "हजर!" झाड मेलं, मोडलं, कोणी तोडलं, तर म्हणायचं "गैरहजर" आणि कारण सांगायचं. खरं कारण. खरं सांगणाऱ्याला कोणी रागवायचं नाही, उलट सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या.

पोरं खूश. चिमणीने लगेच घरी पळत जाऊन आईच्या जुन्या झग्याची पिवळी चिंधी आणली. झाडाच्या कानाशी, म्हणजे तिला जिथे कान वाटला तिथे, तोंड नेऊन तिने काहीतरी सांगितलं. काय सांगितलंस विचारलं तर म्हणाली, "ते आमच्या दोघांतलं आहे, बाई."

साहेबांनी कौतुक केलं. म्हणाले, मॅडम, असं आजवर कोणाला सुचलं नव्हतं. मी नको नको म्हटलं, पण मनातून फुगले होते.

२१ नोव्हेंबर

खालच्या रस्त्यावर दरड कोसळली आहे. गॅसची गाडी येईना. साहेबांनी सांगितलं की आहे तो गॅस जेवणापुरता वापरायचा, बाकी सगळं बंद. तरुण मंडळींचा चहा एका वेळेवर आला. बिचाऱ्यांची तोंडं बघवत नव्हती.

माझ्या दाराशी मात्र सकाळी गरम पाण्याची बादली हजर! वाफा निघत होत्या. मी म्हटलं, "अहो, गॅस नाही ना?" चूलवाली म्हणाली, "तुम्ही आंघोळ करा हो. पाहुण्याला गार पाणी देतात का कुठे?" देवमाणूस आहे ही बाई.

धाकटीला फोनवर ही गंमत सांगितली. सगळ्यांचा चहा बंद, आणि मी मात्र कशी राणीसारखी न्हातेय. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आईला आत्ताच पुसून घेतलंय. एकटीने कूस वळवायची म्हणजे माझी पाठ धरते." मी म्हटलं, कोणी बाई ठेव ना मदतीला. ती म्हणाली, "बघते." आवाज बसला होता तिचा. सर्दी झालीय का विचारलं, तर हो म्हणाली.

२७ नोव्हेंबर

मागच्या अंगणात फार धूर होतो हल्ली. खिडकी लावून घ्यावी लागते. पाऊस नाही, काही नाही, तरी लाकडं ओली कशी कोण जाणे. चूलवालीचे डोळे लालभडक झाले आहेत. मला वाटतं, नवऱ्याच्या आठवणीने रडत असावी. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, म्हटलं, धीर धरा, सगळं ठीक होतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसली. तिला बरं वाटलं असावं.

या शुक्रवारी पैसे देणाऱ्या संस्थेची माणसं येणार आहेत. साहेब म्हणाले, झाडांची हजेरी त्यांना दाखवू या. मी मुलांची तालीम घेतली.

३० नोव्हेंबर

काय झालं ते नीट लिहिते. 

वर डोंगरावर सगळे जमले होते. पाहुणे, साहेब, गावसमितीची माणसं. मी हजेरी सुरू केली. कावळा, "हजर!" मैना, "हजर!" पाहुणे हसत होते, फोटो काढत होते. मी हाक मारली, "चिमणी!"

चिमणी पुढे आली. तिच्या मुठीत ती पिवळी चिंधी होती. मान ताठ करून म्हणाली, "गैरहजर."

मी तालमीतल्यासारखंच विचारलं, "कारण?"

"माझ्या आईने तोडलं. आधी फांद्या तोडल्या, मग खालून."

आणि मी काय केलं? मी म्हटलं, "शाबास! खरं बोललीस!" तोंडातून आपोआप निघालं, तीस वर्षांची सवय. आणि टाळ्या वाजवल्या. पोरांनी वाजवल्या. पाहुण्यांना भाषा कळत नव्हती, त्यांनीही वाजवल्या. चिमणी लाजली, हसली, आणि आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

टाळ्या थांबल्यावर मी साहेबांकडे पाहिलं. ते वाजवत नव्हते. समितीची माणसं एकमेकांकडे बघत होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की पोरीने आत्ता काय सांगितलं. गावाचा नियम मीच वर्गात शिकवला आहे: नव्या जंगलातलं झाड ज्याच्या चुलीत जळेल, त्याला केंद्रात काम नाही. गावानेच केला आहे तो नियम. कारण त्याआधी सगळा डोंगर चुलीतच गेला होता.

करायला गेले काय आणि झालं काय! पण चूलवाली असं करेल असं वाटलं नव्हतं. घरी लाकूड हवं होतं तर मागायचं होतं.

१ डिसेंबर

आज दाराशी बादली नव्हती.

२ डिसेंबर

काल एवढंच लिहून वही मिटली. पुढचं लिहायची हिंमत नव्हती.

बादली नाही, म्हणून मी मागच्या अंगणात गेले. स्वयंपाकघरात कोणी नवीन मुलगी होती. चुलीत अर्धवट जळलेला ओंडका होता, मनगटाएवढा, साल अजून हिरवी. शेजारी तोडलेल्या फांद्या रचून ठेवलेल्या. चूल तिच्या घरची नव्हतीच. चूल इथली होती. गॅस जेवणापुरता, सगळ्यांचं सगळं बंद, आणि पाणी फक्त एकाच बाईला.

माझ्या आंघोळीला ते झाड लागलं. चिमणीचं झाड. आणि मी वरून टाळ्या वाजवल्या. धुराला कंटाळून मी खिडकी लावून घेत होते. वर तिच्या पाठीवरून हात फिरवला. सगळं ठीक होतं म्हणे!

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. कोरडे कसले, चांगले गरम पाण्याने न्हालेले.

४ डिसेंबर

साहेबांना सांगायला गेले होते. त्यांच्या खोलीत बसले, चहा घेतला. ते म्हणाले, "मॅडम, झाल्या प्रकाराचं वाईट वाटून घेऊ नका. पाहुण्यांना तुमचा उपक्रम फार आवडला. पुढच्या वर्षी शिक्षणाचं सगळं काम तुम्हीच बघावं असं ते म्हणतात."

मी म्हटलं, "स्वयंपाकीणबाईंचं काय?"

"नियम आहे. समितीची बैठक होईल, पण काय होणार ते सगळ्यांना माहीत आहे."

आता सांगायचं होतं. अगदी जिभेच्या टोकावर होतं. मी म्हटलं, "रोपवाटिकेच्या जाळीला भोक पडलंय, तेवढं बघायला सांगा." आणि उठून आले.

भित्री आहेस तू. हे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी स्वतःची थोरवी सांगावीशी वाटली तर हे पान वाचता येईल.

गार पाण्याने आंघोळ केली. सांध्यांना काही झालं नाही.

७ डिसेंबर

आज चिमणी शाळेत आली नाही, म्हणून तिच्या घरी गेले. हे मी स्वतःला दिलेलं कारण. खरं म्हणजे मला राहवत नव्हतं.

एकच खोली, कोपऱ्यात दोन पेट्या, त्यातली एक उघडी आणि अर्धी भरलेली. चूलवालीने मला स्टूल पुसून दिलं. चिमणी बाहेर दोरीवरच्या उड्या मारत होती. मी आवाज खाली आणून म्हटलं, "माझ्या पाण्यासाठी तोडलंत ना?"

ती म्हणाली, "जाऊ द्या आता, मास्तरीणबाई."

"जाऊ द्या कसं? सुकं लाकूड नव्हतं का?"

"सुकं लांब मिळतं, पलीकडच्या खोऱ्यात. पहाटे तुमचं पाणी, मग चाळीस माणसांचा नाश्ता. कधी जाणार आणि कधी येणार?"

"मग मला सांगायचं, पाणी नाही म्हणून!"

"तुम्ही लांबून आलेल्या. माझ्या पोरीला शिकवता. एक बादली मागितलीत, त्यात नाही कसं म्हणू?"

मला तिचा राग आला. खरंच आला, लिहायला लाज वाटते, पण आला. कोणी असं न बोलता माझ्यासाठी झिजलं की मला रागच येतो. म्हटलं, "आणि तोडायचंच होतं तर चिमणीचंच झाड तोडलंत? डोंगरभर झाडं असताना?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मग काय दुसऱ्याच्या लेकराचं तोडू?"

 खाली मान घालून बसले. थोड्या वेळाने विचारलं की समितीला खरं का नाही सांगत. तर ती दाराकडे बघून म्हणाली, "त्या दिवशी पोर घरी नाचत आली. आई, सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, परदेशी पाहुण्यांनीसुद्धा! मी तिला सांगितलंय, काम मीच सोडलं, कंटाळा आला म्हणून. समितीत वाद झाला की गावभर चर्चा होणार, आणि मग तिला कळणार की ती टाळी कशाची होती. नको. तुम्हीपण बोलू नका."

"मग आता करणार काय तुम्ही?"

"शहरात जाते नवऱ्याकडे. तिथे त्याची खोली माणसाला वळता येणार नाही एवढी. चिमणीला नणंदेकडे ठेवते. नणंद चांगली आहे, सांभाळेल."

नणंद चांगली आहे, सांभाळेल. हेच वाक्य मी कुठेतरी बोलले आहे असं परत येताना सारखं वाटत होतं. बहुतेक कुठल्यातरी पालकांशी शाळेत बोलले असेन.

८ डिसेंबर

शाळेत नाही. धाकटीबद्दल बोलले होते. विमानतळावर, सोडायला आलेल्या मावशीशी.

११ डिसेंबर

आज समितीची बैठक झाली. मुलं शाळेत असताना ठेवा, असं मीच साहेबांना आग्रहाने सांगितलं. का ते त्यांना कळलं नाही.

समितीच्या अध्यक्ष गावात शिलाईचं दुकान चालवतात. शिंपीणबाई. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय असल्यामुळे टाचण्या नसतानाही त्यांचं बोलणं टोचतं. त्यांनी विचारलं, कोणाला काही सांगायचं आहे का? चूलवाली मान खाली घालून बसली होती. तिने तिरक्या नजरेने मला खुणावलं, नको.

मी उभी राहिले.  सगळं सांगितलं. गॅस बंद असताना मी रोज गरम पाणी घेतलं, ते कुठून येतं हे विचारलं नाही. म्हटलं, "त्यांनी एक काडीसुद्धा घरी नेली नाही. सगळं झाड माझ्या अंगावरून मोरीत वाहून गेलं."

 साहेबांचा चेहरा उतरला. शिंपीणबाईंनी विचारलं, "तुम्हाला धूर दिसला नाही?"

"दिसला. मी खिडकी लावून घेतली."

कोणीतरी हसलं. शिंपीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नियम आपणच केला आहे. ज्याच्या चुलीत झाड जळेल, त्याला काम नाही. चूल कोणासाठी पेटली होती? पाणी कोणाचं होतं? मग नियम लागतो कोणाला?" मग चूलवालीकडे वळल्या. "आणि तू गं? कोयता तर तुझ्याच हातात होता. दहा रोपं लावायची आणि मोठी करून दाखवायची. उद्यापासून कामावर ये. ती नवी पोरगी भाजी करपवते."

साहेब म्हणाले, अहो, मॅडम स्वयंसेवक आहेत, त्यांना कामावरून काढायचं तरी कसं? शिंपीणबाई म्हणाल्या, "पगार नाही म्हणून नियम नाही, असं आहे का?"

तर मला काढलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी, फुकट काम करत असताना, काढलं! हसावं की रडावं? खरं सांगायचं तर शेवटपर्यंत मला आशा होती. मी खरं बोलले की कोणीतरी म्हणेल, शाबास, जाऊ द्या, झालं गेलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चूलवाली माझ्याशी न बोलता निघून गेली. तिला राग आला असेल तर तो बरोबरच आहे, मी तिचं ऐकलं नाही.

१४ डिसेंबर

सकाळी दार उघडलं तर बादली. गरम पाण्याची. शेजारी चूलवाली उभी. म्हणाली, "गॅसवर तापवलंय. रस्ता खुला झाला."

मी म्हटलं, "नको हो, कशाला!"

"जाणाऱ्या माणसाला गार पाण्याने लावून द्यायचं का? घ्या मुकाट्याने."

मुकाट्याने घेतलं. मोरीत बसून पोटभर रडले.

आज शुक्रवार. मला वर जायचं नव्हतं, पण पोरांनी हात धरून ओढून नेलं. म्हणाली, आज हजेरी आम्ही घेणार. चिमणी पुढे झाली, माझ्यासारखी कमरेवर हात ठेवून, अगदी माझ्यासारखं नाक उडवून. एकेक नाव घेतलं. हजर, हजर, हजर. स्वतःचं नाव घेतलं आणि नव्या वीतभर रोपाजवळ बसून म्हणाली, "हजर!" पिवळी चिंधी त्याच्याशेजारच्या काठीला बांधली होती.

मग तिने हाक मारली, "बाई!"

 मीच उत्तर देणार एवढ्यात ती स्वतःच म्हणाली, "बाई पुढच्या शुक्रवारपासून गैरहजर. कारण, बाईंची आई आजारी आहे. बाईंना तिच्याजवळ राहायचं आहे."

आईने शिकवलं होतं तिला. मी पोरांसमोर काढलेली बाई म्हणून जाऊ नये, एवढ्यासाठी. माझ्या आईच्या आजारपणाचं मी चूलवालीला कधीतरी ओझरतं बोलले होते, ते तिने लक्षात ठेवलं.

पोरं टाळ्या वाजवायला लागली. खरं कारण सांगितलं की वाजवायच्या, मीच शिकवलं आहे. त्या टाळ्या खात मी उभी राहिले. असं वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं.

१५ डिसेंबर

सामान भरलं. मग धाकटीला फोन केला. तिकडे दुपार होती. म्हटलं, "मी येतेय. परवाचं विमान आहे."

तिला आनंद होईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "का? काय कारण?"

चिमणीने दिलेलं कारण तयार होतं. आईला बरं नाही म्हणून, तुझी फार ओढाताण होते म्हणून. धाकटीचा विश्वास बसला असता, आणि घरात पाऊल टाकताना मी थोरही झाले असते.

मी म्हटलं, "मला काढलं इथून."

"काय?"

"काढलं. माझ्या चुकीमुळे. आल्यावर सगळं सांगते. तुझ्यासाठी म्हणून येत नाहीये मी, धाकटे. खोटं कशाला बोलू? राहता आलं असतं तर राहिलेच असते."

  मग धाकटी हसायला लागली. मी निघाल्यापासून पहिल्यांदा तिचं हसू ऐकलं. हसता हसता ते रडण्यावर कधी गेलं ते दोघींनाही कळलं नाही.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "आता मीही खरं सांगते, ताई. आईच्या पाठीला जखमा झाल्यात. मदतीला बाई ठेवलीच नाही, कारण मी नोकरी कधीच सोडलीय. आवाज बसला होता ती सर्दी नव्हती. आणि आई रोज विचारते, थोरली कुठे आहे. मी रोज सांगते, बाजारात गेलीय."

ती बोलत राहिली. मी खिडकीपाशी उभी राहून ऐकत राहिले. मध्ये एकदाही म्हटलं नाही, "धीर धर, सगळं ठीक होतं."